डावा खांदा

पॅरा युनिटच्या फील्ड हॉस्पिटलमध्ये मी कॅप्टन होते. शॉर्ट सर्व्हिस कमिशन, म्हणजे ठरावीक वर्षांची नोकरी. इथे आमच्या लातूरला लोक विचारतात, डॉक्टरनं विमानातून उडी कशाला मारायची? जवान जिथे उतरतात तिथे बऱ्याचदा रस्ता नसतो. म्हणून डॉक्टरही त्यांच्याबरोबरच उतरतो.

उडीच्या रांगेत माझ्या पुढे हवालदार केंद्रे असायचे. कंधार तालुक्यातले. युनिट हिंदीत बोलायचं, ते माझ्याशी मुद्दाम मराठीत.

"लातूरला पाण्याची टंचाई हाय, ठाऊक हाय मॅडम. बोलण्याची बी हाय का?"

मी हसायचे.

त्या दिवशी सरावाची उडी होती, सकाळची. वारा मर्यादेत होता. "हुक अप!" पॅराशूट उघडणारा पट्टा प्रत्येकानं वरच्या केबलला अडकवला. मागच्यानं पुढच्याचा तपासायचा. मी केंद्रेंचा तपासला. हिरवा दिवा. "गो!"

आम्ही हवेत असतानाच वारा वाढला. जमिनीवर मला थोडं फरपटत नेलं. केंद्रेंना वाऱ्यानं एका बांधावर आपटलं. मी प्रथमोपचाराच्या एड पोस्टला पोचले तेव्हा घोटा मोडलेले दोन जवान आधीच आले होते. मागून केंद्रे चालत आले, पॅराशूटची बॅग उजव्या खांद्यावर घेऊन.

"डावा खांदा दुखायलाय, मॅडम. झटका बसला."

पॅराशूट उघडताना पट्टे खांद्याला हिसका देतात. अर्ध्या रांगेचे खांदे दुखतात. त्याला पॅरातला कुणी दुखापत म्हणत नाही. स्ट्रेचरवरच्या दोघांपैकी एक ओरडला, "केंद्रे बूढ़ा हो गया!"

मी त्यांना हात वर करायला सांगितला. पूर्ण वर गेला, सहज. खांद्याला काही झालेलं नव्हतं.

"झोपा."

"खांद्यासाठी झोपायचं?"

"झोपा, दादा."

डाव्या बरगड्यांखाली हात ठेवला आणि त्यांनी श्वास रोखला. नाडी फार वेगात होती. तिथली प्लीहा फुटली की पोटात रक्त साचतं आणि कळ डाव्या खांद्यात येते. मी रेडिओ घेतला.

"हेलिकॉप्टर चाहिए. पेट में ब्लीडिंग. प्रायोरिटी वन. ओव्हर."

"हवा लिमिट के बाहर. रोड से लाओ. ओव्हर."

अँब्युलन्समध्ये दोन्ही हातांना सलाइन लावलं. ते जागे राहावेत म्हणून मी विचारत राहिले. मुली कितवीत आहेत, सोयाबीन निघालं का.

"आज लई बोलायलात, मॅडम."

रक्तदाब उतरत होता. ऑपरेशन थिएटरच्या दारात नाडी लागेनाशी झाली. सर्जननी तरीही पोट उघडलं. उशीर झाला होता.

आता त्या युनिटमध्ये उडीनंतर कुणी डावा खांदा म्हटलं की आधी पोट तपासतात. जवान त्याला 'केंद्रे चेक' म्हणतात.

सैन्य सोडल्यावर मी कंधारला जाऊन बस बदलून त्यांच्या गावी गेले. त्यांची आई ओसरीवर बसली होती. मी कोण ते सांगितल्यावर ती म्हणाली, "गाव म्हणायलंय, छत्री उघडलीच न्हाई. दगडावानी पडला."

"उघडली होती, आजी. मी मागेच होते. खाली वाऱ्यानं बांधावर आपटलं. तरी उठले, छत्री गुंडाळली आणि माझ्याकडे चालत आले."

म्हातारीनं घरात सुनेला हाक मारली.

"ऐकलंस का? चालत आला म्हणं."