चोराने तांदूळ का नेले?

ती केस आठवली की मला अजून हसू येतं, आणि हसताना थोडी लाजही वाटते. तेव्हा मी डोंबिवली पश्चिमेच्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपून चहा तोंडाला लावतो तोच कोपरच्या एका जुन्या आगरी घरातली चार माणसं आत आली. त्यांची शेतं जाऊन तिथे इमारती उभ्या राहिल्या होत्या, पण घरातली कुलदेवी तीच होती. तिचा चांदीचा मुखवटा देव्हाऱ्यातून नाहीसा झाला होता. आठ दिवसांवर नातीची हळद होती आणि देवीशिवाय त्या घरात हळद लागत नाही.

संशय कोणावर, हे मी विचारायच्या आधीच थोरल्या सूनबाईंनी नाव सांगितलं. आंबिवलीहून येणाऱ्या, त्या घरात बारा वर्षं काम करणाऱ्या मावशी. देव्हारा पुसायचं काम त्यांचंच. मीही फार डोकं चालवलं नाही. त्यांना बोलावून घेतलं, सोबत एक महिला शिपाई दिली आणि दिवे लागायची वेळ होईपर्यंत बाकावर बसवून ठेवलं. येणारा-जाणारा त्यांच्याकडे बघत होता. स्टेशन डायरीत त्यांचं नाव लिहिलं गेलं.

चौकशीत माणूस रडतो, चिडतो, नाहीतर नको तितकं बोलतो. मावशी यातलं काहीच करेनात. तेच प्रश्न मी चौथ्यांदा विचारले तेव्हा त्यांनी मलाच विचारलं, "साहेब, चोराने चांदी नेली, समजलं. पण देवीचा खण, पाट आणि वाटीतले तांदूळ कशाला नेले असतील?"

फिर्यादीत याचा उल्लेखच नव्हता. सूनबाईंना विचारलं तर त्या वस्तूही खरंच जागेवर नव्हत्या. चांदी वितळवणारा माणूस पाट घेऊन जात नाही. म्हणजे देवी जिथे कुठे होती, तिथे तिची पूजा चालू होती. मी मावशींना घरी पाठवलं, पण माफी मागितली नाही. साहेबांनी माफी मागायची नसते, असं तेव्हा मला वाटायचं.

त्या घरात पूजा करायचे ते नवरीचे आजोबा, म्हातारे बाबा. ते आदल्याच दिवशी पहाटे अलिबागला पाव्हण्यांकडे गेले होते. त्यांना कोणी काही कळवलं नव्हतं. बाबांना रक्तदाबाचा त्रास आणि देवीवर जीव, ऐकून भलतंच काही व्हायचं, या धास्तीने सगळं घर तोंड शिवून बसलं होतं. बाबांना फोन करू नका, अशी मलाही हात जोडून विनंती झाली.

खबर मिळाली दुसऱ्या दिवशी, रेल्वे स्टेशनबाहेर उभ्या राहणाऱ्या एका टुरिस्ट गाडीच्या ड्रायव्हरकडून. म्हणाला, "बाबा अलिबागला नाय गेले, साहेब. मीच सोडलं त्यांना गोव्याला, दोन दोस्त पण होते. तो जुना कॅसिनोवाला हॉटेल आहे ना राजवाड्यासारखा, तिकडे. पूर्ण रस्ता मांडीवर एक डबा घेऊन बसलेले, कोणाला हात लावू देत नव्हते."

वरिष्ठांची परवानगी घेतली, तिथल्या ठाण्याला कळवलं, आणि मी व एक हवालदार साध्या कपड्यांत निघालो. हॉटेल चांगलं जुनं होतं. दारात सिमेंटचे दोन हत्ती, सोंडेवरचा रंग उडालेला. दरबानाच्या खांद्यांवर इतक्या सोनेरी पट्ट्या होत्या की हवालदारांनी सवयीने त्याला सॅल्यूट ठोकला. बाहेर टळटळीत दुपार होती, आत मात्र छतावर रंगवलेलं संध्याकाळचं आभाळ. घड्याळ कुठेच नव्हतं. हवालदार हळूच म्हणाले, "साहेब, आपल्या लॉकअपमध्ये पण घड्याळ नाही."

खेळाच्या टेबलांवर बाबा दिसले नाहीत. त्यांचे दोन दोस्त जेवणाच्या दालनात तिसऱ्यांदा गुलाबजाम घेताना सापडले. माझं ओळखपत्र बघून त्यांनी निमूटपणे खोली दाखवली.

बाबा सोवळं नेसून बसले होते. समोर पाट, पाटावर तांदळाची रास, त्यावर खण आणि देवी. मुखवट्याच्या कपाळावर दोन्ही बाजूंना एकेक ओलं फूल चिकटवलेलं. मी पोलीस आहे म्हटल्यावरही त्यांनी हातानेच थांबायची खूण केली. थोड्या वेळाने डावीकडचं फूल गळून पडलं आणि बाबांनी कपाळाला हात लावला.

तो कौल होता. उजवं फूल पडलं तर देवीचा होकार, डावं पडलं तर नकार. जमीन विकताना, बोअर मारताना, नातीचं स्थळ ठरवताना बाबांनी हेच केलं होतं. दोस्तांनी कॅसिनोचा हट्ट धरल्यावर त्यांना तिला न विचारता खेळणं शक्यच नव्हतं, म्हणून तिला घेऊन आले होते. अलिबागचं मात्र चक्क खोटं बोलले होते.

"सायेब, तीन दिस झाले," ते रडवेले होऊन म्हणाले, "आई उजवा देतच नाय. मंग मी खेलू कसा?"

तीन दिवसांत त्यांनी एकाही टेबलाला हात लावला नव्हता. मला हसू आवरेना. मग मी त्यांना मावशींचं सांगितलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"तिला ठान्यात बसवली? माज्यापायी?"

परत निघायला त्यांनी कौल लावला नाही. देवीला खणात गुंडाळलं आणि ते आमच्या आधी जिना उतरले.

फिर्याद गैरसमजातून झाल्याचं लिहून आम्ही प्रकरण मिटवलं. हळदीला मलाही आमंत्रण होतं. मांडवात बाबांनी सगळ्यांदेखत मावशींना हात जोडले, सूनबाईंनी त्यांची ओटी भरली. मला वाटलं, गोड शेवट झाला. तेवढ्यात मावशी माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, माझं नाव लिहिलेलं तुम्ही. खोडलं का?"

डायरीतली नोंद खोडता येत नाही, तिच्याखाली दुसरी लिहिली आहे, असं मी समजावलं.

"मग काय लिहिलंय ते इथेच सांगा. मला बाकावर बसलेली सगळ्यांनी पाहिलेली. हे पण सगळ्यांना ऐकू दे."

बाबांनी हात वर करून वाजणारी बँजो पार्टी थांबवली. मी उभा राहिलो आणि पाठ असलेली नोंद मोठ्याने म्हटली: सदर महिलेचा या प्रकरणाशी कोणताही संबंध नाही, तपासाला दिशा त्यांनीच दिली. मग नोंदीत नसलेलं एक वाक्य पुढे बोललो, "मावशी, माझं चुकलं." इतक्या वर्षांच्या नोकरीत ते मी पहिल्यांदाच म्हणत होतो, आणि म्हटल्यावर फार हलकं वाटलं.

मावशींनी वाटीतली हळद घेतली आणि माझ्या गालाला लावली.

दुसऱ्या दिवशी हजेरीला मी तो पिवळा गाल घेऊनच उभा राहिलो. नव्या शिपायांना सांगितलं की चोरीला काय गेलं ते विचाराच, पण त्याच्याबरोबर आणखी काय गेलं, तेही विचारा. आणि ते विचारून होईपर्यंत कोणाला बाकावर बसवू नका.