गाडी रिकामी नाचते की भरलेली

माझे बाबा रिसोड-वाशीम रस्त्यावर काळी-पिवळी जीप चालवायचे. घरी आले की चप्पल काढायच्या आधी गाडीची तक्रार सुरू व्हायची. "आज मांगून लय नाचून राह्यली बाप्पा." मागचा भाग डोलण्याची तीच तक्रार घेऊन दुसऱ्या दिवशी स्टँडमागच्या मिस्त्रीकडे जायचे, आणि शाळेला सुट्टी असली की मीही सोबत. मिस्त्री पाना हातात घेण्याआधी एकच विचारायचा, "रिकामी नाचते का भरून?" बाबा चिडायचे. "नाचते मंजे नाचते, तू पाहाय ना." पण उत्तर मिळेपर्यंत मिस्त्री गाडीखाली जायचा नाही. ड्रायव्हर आपला त्रास सांगतो, गाडीचं दुखणं सांगत नाही, हे मी तिथे उभ्या उभ्या शिकले. या शिक्षणाचा आयुष्यात उपयोग झाला तो एका व्हिडिओ गेममध्ये, आणि त्याचंही श्रेय दुसऱ्यानेच लाटलं.

दुसरा म्हणजे माझा सख्खा भाऊ, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. तो इंजिनिअरिंगला लागला म्हणून त्याला लॅपटॉप आला. मी बी.एस्सी. करत होते, मला कशाला हवा लॅपटॉप? त्याने त्यावर रेसिंग टीम सांभाळायचा गेम टाकला. यात गाडी आपण चालवत नाही, आपण टीमचे मॅनेजर असतो. शर्यतीआधी ड्रायव्हर सरावाला जातो, परत येऊन पडद्यावर तक्रार करतो, आणि त्या तक्रारीवरून आपण गाडीला रस्त्यावर दाबून धरणारे पुढचा पंख, मागचा पंख, शिवाय स्प्रिंगा, गिअर एकेक घर सरकवून गाडी जुळवायची. भाऊ डोळे झाकून सरकवायचा. मग शेवटून दुसरा यायचा आणि माउस आपटायचा.

एका रविवारी दुपारी मी त्याच्या मागे तुरीची डाळ निवडत बसले होते. पडद्यावर ड्रायव्हर म्हणत होता की वळणावर गाडीचा मागचा भाग सुटतो. माझ्या तोंडून निघून गेलं, "टाकी भरेल असतानी सुटते का रिकामी झाल्यावर?"

"तो गेम हाये वो ताई. त्याले काय विचारतं?"

विचारायची गरजच नव्हती. प्रत्येक फेरीची वेळ बाजूला लिहिलेली होती. सुरुवातीच्या फेऱ्या चांगल्या, शेवटच्या वाईट, म्हणजे टाकी रिकामी झाल्यावर. मी मागचा पंख दोन घरं वर घ्यायला लावला. त्या दिवशी आमची गाडी चौथी आली आणि भावाने घरभर उड्या मारल्या.

मग दोन वर्षं हेच चाललं. पुण्या-नागपूरच्या पोरांची ऑनलाइन लीग होती, शर्यती रविवारी दुपारी. माइकवर भाऊ, मागे मी आणि माझी लांब वही. प्रत्येक ट्रॅकला एक पान. हवा कशी होती, ड्रायव्हर काय म्हणाला, काय किती घरं हलवलं, सगळं लिहिलेलं. माइकवर तो म्हणायचा, "सेटिंग म्या केली." एकदा कोणीतरी माझा आवाज ऐकला आणि विचारलं, मागे कोण बोललं रे? भाऊ म्हणाला, "कोणी नाही, बहीण हाये. चहा घेऊन आली." घरात तेव्हा चहाचं भांडं चुलीवरसुद्धा नव्हतं.

मी मूग गिळून बसले, कारण मला एक गोष्ट हवी होती. पुढच्या सीझनला लीगमध्ये माझी स्वतःची टीम, माझ्या नावाने. त्याने कबूलही केलं होतं. "हा सीझन जिंकू दे, मंग तुयी टीम टाकू." सीझन आम्ही जिंकलो. पुढचा सुरू व्हायच्या आत माझं लग्न जमलं, अनसिंगला. निघताना मी वही मागितली, तर म्हणाला, "तिथं लॅपटॉप तरी हाये का? राहू दे अठी." लॅपटॉप नव्हता हे खरंच होतं. वही राहिली.

लग्नानंतरच्या दुसऱ्या राखीला माहेरी गेले, तेव्हा कळलं की त्याला पुण्यात एका गेमच्या कंपनीत नोकरी लागली. गेममधल्या गाड्या खऱ्यासारख्या वागतात की नाही हे तपासायचं काम. मुलाखतीत त्याने वही दाखवली होती. मोठ्या कौतुकाने मलाही फोनवर तिचे फोटो दाखवले. माझं तिरपं अक्षर, एका पानावर माझ्याच बोटाचा हळदीचा डाग, आणि वर नव्या कोऱ्या पानावर त्याचं नाव.

"हे अक्षर माहं हाये," मी म्हटलं.

"हाव ना, अक्षर तुयंच हाये. म्या सांगत गेलो अन् तू लिहत गेली, असंच सांगतलं त्याइले."

मी बाबांकडे पाहिलं. मिस्त्रीसमोर माझ्याबरोबर उभे राहिलेले हेच बाबा. ते म्हणाले, "जेवा आता, थंडं होऊन राह्यलं." राखी आधीच बांधून झाली होती, नाहीतर त्या दिवशी मी ती तशीच परत आणली असती.

मागच्या महिन्यात दुपारी त्याचा फोन आला. आवाज पडलेला. "ताई, नवी गाडी हाये, मांगून नाचून राह्यली. चार दिवस झाले, काही जमून नाही राह्यलं. साहेब डोक्यावर बसला. अशा वक्ती तू काय करत व्हती?"

"रिकामी नाचते का भरून?" मी विचारूनही बसले.

"मंजे?"

दोन वर्षं माझ्या पुढ्यात बसून त्याला एवढंही कळलं नव्हतं. मला संताप आला. "काही नाही," मी म्हटलं. "मले काय समजते त्यातलं? मी तं चहा घेऊन येत होती."

तो हसला. "बरं," म्हणाला आणि फोन ठेवला. मला फार बरं वाटलं.

नवरा बाजूलाच खाटेवर पडला होता. "काय मने भाऊ?"

"गाडीचं विचारत होता."

"तुले गाडीतलं काय समजते?" त्याने चेष्टा केली नव्हती, सरळ विचारलं होतं. लग्नाला चार वर्षं झाली, त्याला यातलं मी कधीच काही सांगितलं नव्हतं. आणि आत्ताच त्याने माझ्याच तोंडून ऐकलं होतं की मला काही समजत नाही. आता कोणत्या तोंडाने सांगू?

"काहीच नाही," मी म्हटलं. भाऊ जे माइकवर सांगत होता तेच मी माझ्या घरात दोनदा सांगून मोकळी झाले.

शेवटच्या फेऱ्यांत नाचत असेल तर मागचा पंख दोन घरं वर आणि मागच्या स्प्रिंगा एक घर नरम. सुरुवातीपासूनच नाचत असेल तर पंखाला हात लावू नये, आधी मागच्या टायरची हवा थोडी कमी करावी. हे माझं आहे. ते मी भावाला सांगितलं नाही, आणि नवऱ्यालाही नाही.