डॉक्टरसमोर बोलायचं नाही

शेवटचं आम्ही दोघांनी मिळून काय केलं, तर तिसऱ्या काढल्या. खाडीतल्या शिंपल्या त्या, सकाळी मीच बाजारातून आणलेल्या. बायको विळीवर बसून एकेक शिंप पात्यावर दाबून उघडत होती आणि मी शेजारी पाट घेऊन तिच्या हातातून घेत होतो. मासाची शिंप पातेल्यात, रिकामी कचऱ्यात, एवढंच काम.

"तुमका काय्येक जमणा नाय," ती म्हणाली. "मासाची टाकतास नि रिकामी ठेवतास."

दारात आमचा पोरगा उभा होता, तो हसला. त्याला माझी चूक सापडली की फार आवडायचं. मग मी आंघोळ केली आणि गिरणी कामगारांच्या घरांची मीटिंग होती तिकडे निघालो. ती म्हणाली, फोन घेवन जावा. फोन चार्जिंगला होता. मी म्हटलं, मला कोण मरायला फोन करतंय. एवढंच आमचं शेवटचं बोलणं. मी सातवी शिकलेला माणूस, सजवून सांगता येत नाही. असं बोललो ते बोललो.

मी साडेनवाला घर सोडलं. चार वाजता नाहूरला परत आलो तर इमारतीखाली माणसं उभी होती आणि मला बघून सगळी बाजूला झाली.

झालं होतं ते असं. दुपारी तिला दरदरून घाम आला आणि ती स्वयंपाकघरातच आडवी झाली. घरात पोरगा एकटा. त्याने शेजारणीचं दार ठोकलं, तिचा पदर धरून तिला ओढत आणली. शेजारीण आणि तिच्या नवऱ्याने रिक्षा केली, पोरगाही आत चढला. इस्पितळात डॉक्टरने विचारलं, कधीपासून होतंय, काय दुखत होतं, कुठल्या गोळ्या चालू आहेत. शेजारणीला काही माहीत नव्हतं. ती म्हणाली, याला विचारा, हा घरात होता. डॉक्टरने त्याला विचारलं. याने ओठ घट्ट मिटले. डॉक्टर ओरडला, "अरे, बोल ना, तुझी आई आहे ना ही?" तर याने दोन्ही हात तोंडावर ठेवले. जितकं विचारलं तितके हात घट्ट. अर्ध्या तासात ती गेली.

शेजारीण रडत मला म्हणाली, "त्याचा काय दोष काका, त्याला कुठे काय कळतंय."

मीही तेच धरून चाललो. तीन दिवस.

पोरगा छत्तीस वर्षांचा आहे. डोक्याने आठ-नऊ वर्षांचा, असं कागदावर लिहिलंय. मला ते कधी पटलं नाही. आठ वर्षांचं पोर छत्तीस पावसाळे बघत नाही. तो हळू आहे. त्याला वेळ दिला की तो सांगतो. मुलुंडला एक कार्यशाळा आहे, तिथे अशी मोठी मुलं कागदी पिशव्या करतात, तिथे तो जातो. दर शनिवारी ती सगळी गोल बसतात आणि ज्याचं त्याने स्वतः बोलायचं असतं. काय आवडतं, काय नको, कोणाचा राग आला. तिथल्या बाईंनी मला एकदा आत बसवलं होतं. आमचा उठला आणि म्हणाला, "मला बाळ म्हणायचं नाही. मी माणूस आहे. आणि चहात साखर कमी." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाई मला म्हणाल्या, "काका, त्याला काही विचारलं की उत्तर तुम्ही देता. त्याला देऊ द्या." मी म्हटलं, "तुम्ही त्याला दोन वर्षं बघताय, मी जन्मापासून. मला शिकवू नका." असा मी. 

चौथ्या दिवशी सकाळी चहा पिताना तो आपणहून बोलायला लागला.

"आईचा हात दुखत होता. डावा. घड्याळात दहा वाजले होते."

मी कप खाली ठेवला.

"इथे पण," त्याने जबड्यावर बोट ठेवलं. "मग गोळी घेतली. बारकी, पांढरी. दोन. आई म्हणाली, बाबांना सांगू नको, ओरडतील. मग उलटी. मग घाम."

"तुला हे सगळं माहीत होतं?"

"हो."

"मग डॉक्टरला का नाही सांगितलंस रे?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसा काही मीच मंद आहे.

"डॉक्टर होता तो. डॉक्टरसमोर बोलायचं नाही. त्याने खूप विचारलं. मी नाही बोललो." आणि मग हात पुढे केला. "चिक्की?"

आता हे चिक्कीचं सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी त्याला अपंगत्वाच्या सर्टिफिकेटसाठी सरकारी इस्पितळात नेलं होतं. सवलत, पेन्शन, आमच्या मागे त्याचं काय, सगळं त्या कागदावरच्या टक्क्यांवर. तिथे याने नाव सांगितलं, पत्ता सांगितला, आमच्या स्टॉपवरून जाणाऱ्या झाडून सगळ्या बसचे नंबर सांगितले. डॉक्टर हसून म्हणाला, "हुशार आहे की!" आणि टक्के कमी लिहिले. माझ्या पोराला कोणी हुशार म्हणावं म्हणून त्याची आई जन्मभर झुरली. आणि ज्या दिवशी म्हटलं, त्या दिवशी आम्ही दोघं इस्पितळाच्या पायरीवर बसून रडलो.

तिथेच एका बापाने कानात सांगितलं, घरी शिकवून आणा, गप्प बसायला.

आम्ही शिकवलं. महिनाभर, रोज. मी डॉक्टर व्हायचो. पांढरा सदरा, नाकावर तिचा चष्मा, हातात फाईल म्हणून विजेची जुनी बिलं. "तुझं नाव काय?" तो पटकन सांगायचा. ती म्हणायची, "नाय रे, गप रव!" मग परत. पुढे पुढे तो पक्का झाला, मग आम्ही त्याला फसवायला लागलो. मी चष्मा काढायचो आणि म्हणायचो, "आता खरंच बोल. मी बाबा आहे, बाबा सांगतोय, बोल." तो बोलला की हरला. नाही बोलला की ती टाळ्या वाजवायची आणि शेंगदाण्याच्या चिक्कीचा तुकडा त्याच्या हातावर ठेवायची. आम्ही हसायचो हो. तिघंही. घरात एवढं हसू कधी नव्हतं. दुसऱ्या वेळेला टक्के मिळाले आणि आम्ही जुहूला जाऊन पाणीपुरी खाल्ली.

त्या चहाच्या सकाळी मी उठलो आणि तडक इस्पितळात गेलो. तो डॉक्टर सापडला. मी म्हटलं, तिचा हात दहा वाजल्यापासून दुखत होता, हे तुम्हाला लगेच कळलं असतं तर? तो बिचारा चांगला माणूस, खोटं बोलला नाही. म्हणाला, "सांगता येत नाही आजोबा. कदाचित काही फरक नसता पडला. कदाचित पडला असता." या दोन कदाचितांच्या मध्ये मी आता राहतो.

तेरावं झालं तसा माझा मेव्हणा बोलला. तो वाईट नाही. बहिणीच्या जाण्याने तोही खचलाय. "भावोजी, तुम्ही चौऱ्याहत्तरचे. गुडघे गेलेत. उद्या तुमचं काही झालं तर याचं काय? कर्जतच्या पुढे एक चांगली जागा आहे, अशी मुलं कायमची ठेवून घेतात. एकदा बघून घेऊ."

मी पोराला विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा विचारलं असेल. तो लगेच म्हणाला, "नाही जायचं. माझं घर हे आहे. कार्यशाळा आहे. शनिवारी बोलायचं असतं."

त्या जागेच्या बाई घरी आल्या. शांत, जाड चष्म्याच्या. मांडीवर फाईल घेऊन बसल्या आणि सरळ पोरालाच विचारलं, "तुला आमच्याकडे राहायला यायचंय का?"

त्याने फाईल बघितली. चष्मा बघितला. माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "डॉक्टर?" मी नाही नाही म्हणेपर्यंत ओठ मिटले होते.

मेव्हणा म्हणाला, "त्याला समजत नाही हो. सर्टिफिकेट बघा ना, लिहिलंय सगळं. सही बाप करेल."

"गप बस रे!" मी ओरडलो. "त्याला सगळं समजतं. बाई, काल मला म्हणाला, नाही जायचं. रोज बोलतो तो."

बाई म्हणाल्या, "काका, तुमच्यावर विश्वास आहे. पण हे त्याने सांगायला हवं, तुम्ही नाही. तो नको म्हणाला तर आम्ही जबरदस्तीने कोणाला नेत नाही."

मी पोरासमोर खाली बसलो. गुडघे मोडले तरी बसलो. त्याचे दोन्ही हात धरले. "बोल रे राजा. आता खरंच बोल. बाबा सांगतोय, बोल."

त्याचे डोळे चमकायला लागले. हसू आवरत नव्हतं त्याला. मी जितका विनवत होतो तितका तो जिंकत होता.

माझं रडू फुटलं तेव्हा त्याला जरा शंका आली. पण तोंड उघडलं नाही. पक्कं शिकवलं होतं आम्ही.

बाईंना मी सगळं सांगितलं, चिक्कीसकट. त्यांनी फाईल मिटली. मग म्हणाल्या, आठ दिवसांनी परत येते. जाताना मेव्हणा जिन्यात मला म्हणाला, "भावोजी, समजा बोलला आणि नाही म्हणाला. मग तुमच्या मागे कोण? मी सत्तरीचा आहे."  

पण त्या दिवशी मला भीती वाटली ती याची नव्हती. जागा चांगली असेल, जेवण मिळेल, पलंग मिळेल. एक दिवस त्याच्या पोटात दुखेल. डॉक्टर येईल, विचारेल, कुठे दुखतंय बाळा? आणि माझा पोरगा ओठ मिटून, डोळे चमकवत, मरून जाईल. जिंकून.

मी रात्रभर एकच विचार केला. शब्द सगळे आम्ही नासवून ठेवलेत. बोल म्हटलं तर त्याला वाटतं फसवतोय. आता करूनच दाखवायला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला म्हटलं, चल, माझा गुडघा दाखवायचाय. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरकडे नेलं. मनात ठरवून गेलो होतो की मी अजिबात बोलायचं नाही. मी गप्प राहिलो तर बापासाठी तरी त्याला बोलावं लागेल.

डॉक्टर म्हणाला, "या आजोबा. काय होतंय?"

मी गप्प.

"गुडघा का? कुठला? पडलात का कुठे?"

मी पोराकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत होता, मग डॉक्टरकडे, मग परत माझ्याकडे. त्याचं तोंड थोडं उघडलं. उघडलं होतं, मी बघितलं.  मग त्याची नजर माझ्या मिटलेल्या ओठांवर गेली आणि त्याचा चेहरा उजळला. त्याने एक हात आपल्या तोंडावर ठेवला आणि दुसऱ्याने माझी पाठ थोपटली.

"अहो, दोघांपैकी एकाने तरी बोला," डॉक्टर वैतागला. "बाहेर पंधरा माणसं बसलीत."

बाहेर आल्यावर पोरगा म्हणाला, "बाबा, शाब्बास."

 बोलायला शिकवायला गेलो आणि गप्प बसणंच परत पक्कं करून आलो. कळलं की आधी मलाच बोलायला पाहिजे. त्याच्यासमोर, डॉक्टरला, मी काय चुकलो ते. बापाने चुकलो म्हटलेलं त्याने कधी ऐकलेलं नाही.

त्याला बाकड्यावर बसवलं आणि खिडकीशी जाऊन परत नंबर मागितला.

कंपाउंडर म्हणाला, "आत्ताच तर जाऊन आलात ना?"

"हो. परत जायचंय," मी म्हटलं. "दोघांना."

सगळ्यात शेवटचा नंबर दिला त्याने. तो घेतला आणि पोराच्या शेजारी जाऊन बसलो.