पुढं खडी आहे

माझ्या उजव्या टाचेत मसुरीच्या डाळीएवढा काळा ठिपका आहे. नातवंडं विचारतात, तीळ आहे का? तीळ नाही. माळव्यातल्या धार गावच्या सडकेच्या दगडाचा तुकडा आहे. तो आत कसा गेला ते सांगते.

लहानपणी मी पळायची. चालत कुठे गेल्याचं मला आठवत नाही. मुलींना वहाणा घ्यायची आमच्याकडे पद्धत नव्हती. कातडं घरात चालत नसे आणि मुलीला बाहेर काम नसे, मग वहाणा कशाला, असा हिशेब. मला मात्र बाहेर काम असे, कारण निरोप पोचवायला माझ्याइतकं लवकर कोणी जात नसे.

घरामागून तळ्याकडे आणि तिथून कचेरीकडे एक पायवाट जायची. पावसाळ्यात तिथली काळी माती तळव्यांना चिकटून चिकटून पाय घमेल्याएवढे व्हायचे, तेव्हा पळणं बंद. दिवाळीनंतर वाट घट्ट व्हायची. मार्गशीर्षात ती सगळ्यात चांगली असे. उन्हाळ्यात भेगा पडायच्या आणि अंगठा भेगेत गेला की नख जायचं. बाभळीच्या काट्याचं मला काही वाटत नसे. खाली बसायचं, दुसऱ्या काट्यानं तो काढायचा, पुढे निघायचं. दूध घालायला येणारी मालवी बाई आईला म्हणायची, “बाईसाब, या छोरी है के हिरणी? इका पग नी, खुर है.” मला ते कौतुक वाटायचं. आईला वाटायचं नाही.

आईला न वाटण्याचं कारण होतं. मी दहा वर्षांची झाले होते आणि दोन ठिकाणांहून नकार आला होता. एकांनी पत्रिकेचं निमित्त सांगितलं, दुसऱ्यांनी काहीच सांगितलं नाही. आई म्हणायची, “मुलगी सडकेनं पळते, हे गावभर झालंय. आता देवासचे नाही म्हणाले की बिजवरच बघावा लागेल.” बिजवर म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. माझ्याबरोबर शाळेत बसणाऱ्या एका मुलीला तसा नवरा मिळाला होता. पहिली बायको गेलेला, मिशा पिकलेला. मुलगी त्याला घाबरून कोठीत लपायची. देवासचा मुलगा पंधरा वर्षांचा होता. शिवाय देवासला गावातच टेकडी आहे आणि वर जायला पायऱ्या आहेत, असं मी ऐकलं होतं. त्यामुळे देवास व्हावं असं मलाही वाटत होतं.

त्याच वर्षी मोठ्या भावाचं लग्न होऊन वहिनी घरात आली होती. ती साताऱ्याकडची, चौदा वर्षांची. तिचं आणि आमचं मराठी जुळत नसे. आमच्या घरी मूंगफली, ताला, सडक असेच शब्द. आम्ही म्हणायचो, “गाडी दारात खडी आहे,” आणि ती पदराआड हसायची. आम्हीही तिला हसायचो. आम्ही जास्त होतो, त्यामुळे आमचं हसणं मोठं असे.

देवासची मंडळी उद्या यायची होती, ती आजच आली. त्यांच्या नातेवाइकांकडचा गडी सांगत आला की पाहुणे उतरलेत, जेवून आपल्याकडे येतील. वडील कचेरीत. भाऊ इंदूरला. आई सोवळ्यात, चुलीपुढे. नवी सून रस्त्यावर जाऊ शकत नव्हती. उरले मी.

“मागच्या वाटेनं जा,” आई म्हणाली, “वडिलांना घेऊन ये, आणि येऊन पाय धू. चालत जा.”

मी अंगणात उतरले तेवढ्यात माडीच्या खिडकीतून वहिनीनं हाक मारली. तिथून सडक दिसायची. “वन्सं, सडकेनं जाऊ नका हो! पुढं खडी आहे!”

मी समजले की पाहुण्यांची गाडी खडी आहे. म्हणजे उभी आहे. त्यांनी मला पाहू नये म्हणून वहिनी जाऊ नका म्हणते आहे. असं कळल्यावर मी मागच्या वाटेनं कशी जाणार? बैल कसले आहेत, गाडीत मुलगा आहे का, एवढं पळता पळता बघून घेऊ, असं ठरवून मी सडकेला लागले. चैत्र होता आणि धूळ तापलेली होती. वळणावर मी मान वर करून गाडी शोधत होते. गाडी नव्हती. सडकेवर नुकती फोडलेली गिट्टी पसरलेली होती. तिच्यावरून अजून रूळ फिरला नव्हता, सगळ्या कडा वर.

आम्ही जिला गिट्टी म्हणतो, तिला साताऱ्याकडे खडी म्हणतात.

मी लगेच थांबले असते तर दोन ओरखड्यांवर भागलं असतं. पण माझे पाय म्हणजे खुर, हे मला पटलेलं होतं. मी तशीच पळत राहिले. वीस-पंचवीस पावलं गेल्यावर पाय माझे राहिले नाहीत. पुढची गिट्टी मी हातांवर आणि गुडघ्यांवर ओलांडली.

कचेरीच्या दारात वडिलांनी माझे पाय पाहिले. पाहुणे आले, एवढं मी सांगितलं. त्यांनी आपले जोडे काढून माझ्यापुढे ठेवले. “घाल,” म्हणाले, “आणि रडू नकोस.” मी रडत नव्हते. मागच्या वाटेनं आम्ही निघालो. त्यांचे जोडे घसटत मी पुढे, आणि पागोटं, उपरणं सगळं जागच्या जागी असलेले वडील अनवाणी मागे. त्यांचे तळवे लोण्यासारखे. दर चार पावलांना ते “हं” करून थांबायचे. त्यामुळे आम्हाला फार उशीर झाला. पोचलो तेव्हा पाहुणे ओसरीवर बसलेले होते.

मुलाची आई होती आणि मुलाचा चुलता. चुलत्यानं आधी जोड्यांकडे पाहिलं, मग वडिलांच्या पायांकडे.

“धारमध्ये जोडे मुलींनी घालायची रीत आहे वाटतं,” तो म्हणाला.

आईनं मला आत ओढलं, पाय धुतले, हळद भरली आणि वहिनीवर कडाडली. “कसली भाषा घेऊन आलीस! नीट सांगता येत नव्हतं?” वहिनी रडायला लागली. शब्द तिचा बरोबर होता. मी तेव्हा ते बोलले नाही.

मग मला बाहेर नेलं. चुलता म्हणाला, “चालून दाखव.” मी चालले. शेणानं सारवलेल्या ओसरीवर हळदीचे आणि रक्ताचे ठसे उमटले.

“वहिनी, मुलगी लंगडी आहे,” चुलता मुलाच्या आईला म्हणाला, “आणि ही लक्ष्मीची पावलं आताच उमटली. घरी नेऊन काय उमटवणार?”

वडील खाली बघत होते. मुलाच्या आईनं मला जवळ बसवलं आणि तळवा हातात घेऊन पाहिला. “कशानं झालं?”

मी सांगितलं. वहिनी खडी म्हणाली, मला गाडी वाटली.

त्या हसल्या. “मी उज्जैनची. मलाही गाडीच वाटली असती.” मग हसणं थांबवून म्हणाल्या, “आणि ती गिट्टी म्हणाली असती तर? थांबली असतीस?”

दाराआडून आई मान हलवून मला ‘हो’ म्हण असं सुचवत होती. मला ते दिसत होतं.

“नाही,” मी म्हणाले. “मला वाटायचं माझ्या पायांना काही होत नाही.”

“आणि आता?”

“आता कळलं.”

त्या चुलत्याकडे वळल्या. “भावजी, लंगडी नाही. पाय महिन्यात भरून येतील. खोटं बोलायची खोड असती तर ती भरून आली नसती.” तिथेच सुपारी फुटली. पाय भरायला मात्र दोन महिने लागले आणि एक तुकडा आतच राहिला.

लग्न होऊन सासरी निघताना वहिनीला मी म्हटलं, “तू बरोबर म्हणाली होतीस.” ती म्हणाली, “ते मला माहीत आहे, वन्सं. तुमच्या आईंना सांगा.” आईला मी कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

सासरी आल्यावर सासूबाईंनी मोच्याकडून मला वहाणा करवून आणल्या. चुलतसासरे बोलले, त्यांना बोलू दिलं. पहिल्या चैत्रातल्या नवरात्रात आम्ही दोघी टेकडीवर देवीला गेलो. वहाणा खाली झाडाशी ठेवल्या. सकाळच्या गर्दीत दर्शनाला उशीर झाला आणि उतरायला भर दुपार. पायऱ्यांचे दगड तव्यासारखे झालेले. गिट्टीवर पळता येत नाही, हे मी शिकले होते. तापल्या दगडावर थांबता येत नाही, हे त्या दिवशी शिकले. मी सुनेसारखी एकेक पाऊल टाकत होते, डोळ्यांत पाणी येत होतं.

“अगं, बघतेस काय!” सासूबाई ओरडल्या. “पळ!”

मी पळाले. नऊवारी आवरत त्याही माझ्यामागे पळत आल्या. वहाणांच्या झाडापर्यंत आम्ही दोघी थांबलो नाही.