नानांची कच्ची वही

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. अमळनेरला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. गिऱ्हाईक "आपोआप होतं हो" म्हणत मशीन घेऊन येतं आणि आत निघते सैल केबल, नाहीतर बटणाखाली अडकलेला शेंगदाणा. असे अनुभव लिहिणाऱ्यांची मी भरपूर टिंगल केलीय. आज मीच लिहितोय... तुम्ही खुशाल हसा.

मशीन कुठलंही येवो, मी आधी त्याचं temp फोल्डर रिकामं करतो. आपण टाइप करत असताना कॉम्प्युटर दर दहा मिनिटांनी एक तात्पुरती प्रत बाजूला ठेवत असतो. काम सेव्ह करून नीट बंद केलं की ती प्रत तोच टाकून देतो. मशीन मध्येच अडकलं तर मात्र ती तशीच पडून राहते. आम्ही दुरुस्तीवाले तिला कचरा म्हणतो आणि न बघता उडवतो.

गेल्या उन्हाळ्यात नानांचा लॅपटॉप आला. नाना म्हणजे मला शाळेत शिकवणारे मास्तर, आता निवृत्त. लिहिता लिहिता मशीन अडकलं होतं आणि कीबोर्डही गेला होता. मी temp साफ केलं, कीबोर्ड काढला आणि नवा जळगावहून मागवला. दुसऱ्या दिवशी नाना आपलं लिखाण मागायला दुकानात हजर.

"मनं लिखेल कोठे शे रे भाऊ?"

नाना सेव्ह करायचेच नाहीत. रोज लिहायचे आणि नुसतं झाकण मिटायचे. शाळेतही त्यांचा हाच नियम होता — आधी कच्च्या वहीत, मनासारखं उतरलं की मगच पक्क्या वहीत. म्हणजे त्यांचं सगळं लिखाण त्या एका तात्पुरत्या प्रतीत होतं, आणि ती मी उडवली होती.

"सेव्ह नव्हतं ना नाना," मी म्हणालो. "मशीननेच टाकलं असेल."

वर्गात बघायचे तसे ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "जाऊ दे. परत लिखसू."

चौथ्या दिवशी नाना गेले. लॅपटॉप माझ्याच टेबलावर होता, कीबोर्डशिवाय.

दहावं झाल्यावर त्यांची मुलगी वैशालीताई दुकानात आली. तिने सहा वर्षांपूर्वी धुळ्यात मनाविरुद्ध लग्न केलं, म्हणजे नानांच्या मनाविरुद्ध. तेव्हापासून बापलेकीत एक शब्द नव्हता.

"आई म्हणते, नाना मला पत्र लिहीत होते," ती म्हणाली. "मला दुसरं काही नको भाऊ. त्यांचा राग गेला होता का, एवढंच कळू दे."

मी मान डोलावली. खरं तेव्हाही बोललो नाही. लाज वाटते सांगायला.

दुपारी माउस जोडून लॅपटॉप सुरू केला. पुसलेल्या फाइली शोधणारा प्रोग्राम चालवला, हाती काही लागलं नाही. सवयीने temp उघडलं, तर आत एक फाइल. मी स्वतः रिकामं केलेलं फोल्डर... फाइलचा साइज दोन केबी. चहा पिऊन आलो, तर चार. टाइप करायचा प्रोग्राम बंद होता, नवा कीबोर्ड अजून कपाटातच होता, इंटरनेट जोडलेलं नव्हतं. मी स्टूल ओढून समोर बसलो. दहा मिनिटांनी सात. मग नऊ. मग ती वाढायची थांबली.

मग मी ती उघडली.

'चि. वैशाली, तुझ्या लग्नाच्या दिवशी मी धुळ्याला आलो होतो. हॉलसमोरच्या रसवंतीत बसून होतो. तू मोरपंखी शालू नेसली होतीस. आत यायला पाय उचलला नाही. चूक माझी होती.' असं बरंच होतं. आणि अगदी शेवटी — 'आधी लिहिलेलं पुसलं गेलं. ज्याच्या हातून गेलं, त्याला बोलू नकोस. घाबरला होता तो.'

मी माउसने ती शेवटची ओळ काढून टाकली. हो, काढली. सेव्ह केलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. ओळ जागेवर होती. पुन्हा काढली. पुन्हा आली. तिसऱ्यांदा मात्र मला नानांची ती नजर आठवली आणि मी आहे तसं पत्र छापलं.

संध्याकाळी ताईने ते काउंटरपाशी उभ्यानेच वाचलं. रसवंतीच्या ओळीपाशी तिने तोंडावर पदर धरला. शेवटी मान वर केली.

"तुम्ही पुसलं होतं?"

"हो ताई. मी नानांशी खोटं बोललो."

मग कागदाची घडी घालत म्हणाली, "बोलू नको म्हणालेत ना."

ती गेल्यावर मी फाइल बघायला गेलो. फोल्डर रिकामं होतं. मी हात लावला नव्हता. ते कोणी लिहिलं, मला आजही माहीत नाही. तात्पुरती प्रत आपोआप जाते ती फक्त एकाच वेळी, लिहिणाऱ्याने काम पुरं करून नीट बंद केलं की.