सासूबाईंच्या पहिल्या मुलीचं नाव

माझ्या सासूबाई, केझाया लस्कम, गेल्या त्याला आज नऊ दिवस झाले. एरवी या वहीत मी हवा, दूध, अंडी आणि त्या दिवशी वाचलेला अध्याय एवढंच लिहिते. नऊ दिवस तेही लिहायला हात धजला नाही. आज त्यांच्याविषयीच लिहायला बसले आहे.

त्या इंग्लंडातल्या डेव्हन परगण्यातल्या शेतमजुराची पाचवी मुलगी. अक्षरओळख नव्हती, लग्नाच्या नोंदीत सहीच्या जागी फुली मारली होती. बाविसाव्या वर्षी नवऱ्यामागून न्यूझीलंडच्या जहाजावर चढल्या तेव्हा सातवा महिना होता. लिटलटन बंदरात उतरल्या तेव्हा पोटही रिकामं आणि हातही. मूल समुद्रातच झालं आणि समुद्रातच राहिलं.

मुलगी होती. अकरा दिवस जगली. आमच्या लोकांत बाप्तिस्म्याआधी बाळाचं नाव तोंडातून काढत नाहीत, बाळाला बाधतं म्हणतात. सासूबाईंनी नाव ठरवलं होतं, पण नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. जहाजावरचे पाद्रीसाहेब बोट लागून आडवे पडलेले. बायका म्हणाल्या, "रविवार आलाच की, तोवर बरे होतील." मुलगी शुक्रवारी गेली.

पुढे चार मुलं झाली. सासऱ्यांनी घरच्या मोठ्या बायबलच्या पहिल्या कोऱ्या पानावर त्यांची नावं लिहिली, सगळ्यात वर थोरल्याचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, एब्रामचं. "बाप्तिस्मा नाही तर नाव नाही, आणि नाव नाही तर नोंद कशाची?" असं ते हयात असेपर्यंत म्हणत. सासूबाई त्यावर कधी बोलल्या नाहीत. मातीच्या झोपडीत पहिला हिवाळा काढला, डोंगरउतारावर गाई वाढवल्या, पंचेचाळीस वर्षं चीज केलं. फळीवर वाळत ठेवलेल्या चीजच्या वडीवरून बोट फिरवून, पाणी सुटत असेल तर त्या सांगत, "ही अजून रडतेय, हिला आठवडा द्या." काम करताना सारखं गुणगुणायच्या, फक्त शुक्रवारी नाही. प्रभू क्रूसावर गेला तो वार म्हणून गप्प राहत असतील, असं मी अठरा वर्षं धरून चालले होते.

या जुलैत, इकडच्या ऐन हिवाळ्यात, एका दुपारी मी चुलीपाशी वही लिहीत होते. त्या समोर येऊन बसल्या.

"लेटिस, ते मोठं बायबल काढ गं."

"कुठला अध्याय वाचू, आई?"

"वाचायचं नाही, लिहायचंय. माझी पहिली राहिलीय त्यात. तू लेखणी टेकव, मग नाव सांगते. कागदावर उतरत असेल तेव्हाच तोंडातून काढीन, आधी नाही."

मी घाबरले. ते पान घरच्या पुरुषाने लिहायचं, आणि बाप्तिस्मा न झालेलं मूल! म्हटलं, "पाद्रीसाहेबांना विचारते, आई. मग लिहू."

"कोंबड्यांनी किती अंडी घातली ते लिहायला नाही लागत वाटतं पाद्री?"

"ती माझी वही. हे देवाचं पुस्तक."

"देवाला ठाऊक आहे गं तिचं नाव. मला ते माणसांत हवंय."

एब्रामला सांगितलं तर तो बूट काढता काढता म्हणाला, "आईला आता आठवलं होय? विचार बाई पाद्र्यांना. ते हो म्हणाले तर माझं काय जातंय!"

पाद्रीसाहेब महिन्यातून एकदा घोड्यावरून खिंड ओलांडून येतात. जुलैत खिंडीत बर्फ पडलं. ऑगस्टमध्ये आले, तर भोवती माणसं होती, मला लाज वाटली. सासूबाईंनी पुन्हा विचारलं नाही. फक्त मी वही उघडली की म्हणायच्या, "आज किती घातली गं?" आणि मी मुकाट्याने सांगायची.

सप्टेंबरच्या रविवारी धीर करून विचारलं. पाद्रीसाहेब हसलेच. "एवढ्यासाठी थांबलात, लेटिसबाई? देव काय कारकून आहे? लिहा, घरी जाऊन आजच लिहा."

मी जवळजवळ धावतच घरी आले. सासूबाई चीजच्या खोलीत जमिनीवर पडल्या होत्या. उजवं अंग गेलं होतं, आणि वाचाही.

दोन दिवस मी त्यांच्या उशाशी बायबल उघडून बसले. शास्त्रातली नावं घेतली, मग त्यांच्या बहिणींची, मग आठवतील ती.

"हॅना, आई? रूथ? लव्हडे? सुझन?"

प्रत्येक नावाला त्या मान हलवत, चीज करताना मी दही लवकर कापलं की हलवायच्या तशीच, वैतागून. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी डावा हात पुढे केला. मी लेखणी दिली. त्यांनी एब्रामच्या नावाच्या वर, समासाला चिकटून, एक वाकडी फुली मारली. तेवढंच त्यांना लिहिता येत होतं. मग माझ्याकडे अशा बघत राहिल्या, जणू म्हणत होत्या, आता तरी तू हे वाचशील.

मला वाचता आलं नाही. बुधवारी सकाळी त्या गेल्या.

एब्रामने ते पान पाहिलं. म्हणाला, "लिही ना पुढे काहीतरी." मी फुलीपुढे लिहिलं, 'मुलगी. समुद्रात जन्मली, १८५१. अकरा दिवस.' नावापुरती जागा सोडली आहे. प्रभू मला क्षमा करील असं पाद्रीसाहेब म्हणतात. करीलही. पण क्षमा त्याच्याकडे मागायची नाही, हे मला कळतं, आणि जिच्याकडे मागायची ती मातीखाली आहे.

आज वहीची मागची पानं चाळली. त्यांनी बायबल काढायला सांगितलं त्या दिवशीच्या पानावर माझ्या सुबक अक्षरात लिहिलं आहे: थंडी फार. वारा दक्षिणेचा. अंडी तीन.