पूल दिसला तिथून

हवाई दलात वैमानिक म्हणून निवड झाली तेव्हा कासारवाडीच्या आमच्या चाळीत पेढे वाटले गेले. पण पहिले कित्येक महिने विमानाला हात लावू देत नाहीत. नुसते वर्ग. हवामान, इंजिन, आणि नॅव्हिगेशन, म्हणजे आकाशात आपण कुठे आहोत हे कागदावर काढायचं. त्यात मी नापास झालो. सुट्टीनंतर फेरपरीक्षा होती. तीही गेली तर कायमचा घरी.

घरी आलो तर वडिलांच्या कंपनीत संप चालू. वडील मार्कर होते. भट्टीतून आलेल्या ओतीव भागाला निळा रंग फासून त्यावर सुईने रेघा मारायच्या. त्या रेघांवर पुढचं सगळं कातकाम. संघटनेची पत्रकंही तेच काढत. मी अक्षरं शिकलो ती त्या पत्रकांवर. शाळेत असल्यापासून मजकूर लिहून देत होतो.

वडिलांच्याच खात्यातले शेजारचे काका दारात आले.

"काय पायलटसाहेब, अजून जमिनीवरच?"

"परीक्षा आहे, काका."

"व्हईल रं ती. उद्याचं पत्रक लिहून दे. तुझ्या हातात आग हाय."

दलात असलेल्या माणसाने हे करायचं नसतं, हे मला ठाऊक होतं. तरी लिहिलं. पहिलंच वाक्य होतं : एकही कामगार आत गेलेला नाही.

वडिलांनी तेवढं वाक्य खोडलं. "सकाळी गेटवर व्हतो मी. पंधरा जण आत गेले. माझ्या डोळ्यांदेखत."

"दादा, हे छापलं तर बाकीचे खचतील," मी वडिलांना म्हणालो.

"आन् न्हाई छापलं तर? त्यांना डोळं न्हाईत? पंधरा आत हायेत, तिथनं बोलायचं."

"असं लिहूनच संप मोडतात," मी म्हणालो. आवाज चढला होता. काका खाली बघू लागले.

वडील चिडले नाहीत. परीक्षेतला माझा नकाशा मी घरी आणला होता. तो पुढ्यात ओढून म्हणाले, "तुझं काय चुकलं ते दाव."

विमानतळापासून निघालेली माझी रेघ मी दाखवली. वेग, दिशा, वारा, सगळा हिशेब बरोबर. तरी शेवटचा मुक्काम भलतीकडेच पडला होता. रेघेपासून दूर एक फुली होती. तिच्यावर त्यांनी काळं पडलेलं नख टेकवलं.

"ही काय?"

"प्रश्नात मध्येच दिलंय. अमुक वाजता खाली रेल्वेचा पूल दिसला. तो तिथे आहे."

"मग रेघ तिथनं पुढं का न्हाई?"

"माझा हिशेब चोख होता. पूल एवढा बाजूला येणं शक्यच नव्हतं."

"म्हंजे पूल सरकला म्हन की!"

काका मोठ्याने हसले. माझे कान तापले. वडील हसले नाहीत. "ओतलेला माल कागदावरच्यासारखा कधी निघत न्हाई," एवढंच म्हणाले. "रेघ बसत नसली की निळा पुसायचा. माल न्हाई घासत बसायचं."

पत्रक पंधरा जणांसकट निघालं. ते वाटायला मी गेलो नाही. रुसून अभ्यास करत बसलो. पण दर वेळी फुलीपासून नवी रेघ काढत राहिलो.

फेरपरीक्षेत खूण पुन्हा माझ्या रेघेपासून लांब पडली. हात पुढे जाईना. इतका सरळ हिशेब सोडून द्यायचा? शेवटी पेन्सिल उचलली आणि खुणेवर ठेवली.

पास झालो. तसं घरी कळवलं. तोवर संप मोडत आला होता. पत्रकातल्या त्या पंधरा जणांच्या वाक्यामुळे, असं काका आजही म्हणतात. ते खरं की खोटं, मला ठरवता आलेलं नाही. संप संपल्यावर वडिलांना कंपनीने परत घेतलं नाही.

संप चालू असतानाच त्यांचं पोस्टकार्ड मला वर्गात मिळालं होतं. मार्करच्या त्याच सरळ अक्षरात लिहिलं होतं : 'पास झालास, आनंद झाला. शेजारचे काकाही कालपासून आत जातात. त्यांना काही बोलू नकोस. आम्ही आता अकरा जण बाहेर आहोत.'